२९ सप्टेंबरची ओळ

प्रिय दोस्ता,

तब्येत बरी आहे, गुडघा होता तसाच आहे. तुझं मे महिन्यातलं पत्र अजून टेबलावर आहे. थिरथिरा, आपला तो हिवाळी पाहुणा पक्षी, दर वर्षी पहिल्यांदा कधी दिसला त्या सगळ्या तारखा उतरवून पाठव म्हणाला होतास. चार वेळा आपली पक्षीनोंदींची वही काढली आणि चारही वेळा २००९ च्या पानाशी येऊन मिटली. तुला वाटलं असेल, मी रागावलोय. नाही रे. आणि परवा जे झालं ते घरात सांगून कुणाला उमगणार नाही, म्हणून आज लिहूनच टाकतो.

तू जिला दुर्बीण धरायला शिकवलीस ती मुलगी आता आपल्या वह्या ई-बर्डवर, त्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, चढवतेय. जुन्या नोंदीही तिथे चालतात, फक्त पक्षी, जागा आणि तारीख नक्की हवी. रोज संध्याकाळी येते, तुझं अक्षर लागलं नाही की मला विचारते. (तुझा 'ध' आणि तुझा 'घ' सारखेच दिसतात, हे मी तुला पंचवीस वर्षं सांगतोय.) परवा ती २००९ वर आली. कृष्ण थिरथिरा, २९ सप्टेंबर. तारीख टाकल्याबरोबर ई-बर्डनं अडवलं. एवढ्या लवकर हा पक्षी इथे अपेक्षित नाही, तपशील द्या. तिनं मान वर करून विचारलं, "काका, नर होता की मादी?"

मला बोलता येईना. नर नव्हता आणि मादीही नव्हती. त्या दिवशी मी माळावर गेलोच नव्हतो.

तुला ते वर्ष आठवतं ना? तुझी बदली झाली तेव्हा वही माझ्याकडे देताना तू म्हणालास, "मी नसलो की तुझे पाय घराबाहेर निघायचे नाहीत." आधीच त्या भोवत्यावरून, शिकारी पक्ष्यावरून, आपलं वाजलेलं. ती मादी होती, मानेभोवती फिकट पट्टा होता म्हणून तू फिकट भोवत्या म्हणालास, मी माँटेग्यूचा भोवत्या म्हणालो, आणि गुरुजींसमोर तू मला "नीट बघायला शीक" म्हणालास. ते मनात सलत होतं. सप्टेंबरभर मी तळ्यावर दोनदाच गेलो, माळावर एकदाही नाही. मग तुझा फोन आला, "काय काय आलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थिरथिरा आलासुद्धा." रात्री वहीत लिहिलं. तुला फोनवर सांगितलेलं वहीत नसतं तर कसं दिसलं असतं, एवढाच विचार तेव्हा केला. खरा थिरथिरा मी १७ ऑक्टोबरला पाहिला आणि तो तोवर चांगला रुळलेला होता.

एक ओळ तर आहे, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावलं. पण ती ओळ तू उचललीस. "एके काळी आपल्याकडे थिरथिरा सप्टेंबरात यायचा, आता ऑक्टोबर उजाडतो," हे तू मला सांगितलंस, गुरुजींना सांगितलंस, शाळेतल्या मुलांपुढे सांगितलंस. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. परवा रात्री सगळ्या वह्या काढून बसलो. पंचवीस वर्षांत थिरथिऱ्याची सप्टेंबरातली ओळ एकच आहे, आणि ती माझी. बाकी सगळ्या तारखा ८ ते २१ ऑक्टोबरच्या आत. तुझा तर्क चुकला असेलच असं नाही, पण आपल्या वहीतून तो निघत नाही, आणि तो निघतो असं तुला मी वाटू दिलं.

ती मुलगी सांगत होती, 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३ चा अहवाल असल्याच नोंदींवरून झालाय. तीस हजारांवर निरीक्षक, तीन कोटी नोंदी, ९४२ जातींचा हिशेब. त्यात दूरवरून येणारे स्थलांतरित फार घटलेले दिसतात. मी म्हटलं, तीन कोटींत माझ्या एका ओळीनं काय होतंय? ती म्हणाली, "काका, सगळ्यांनी असंच म्हटलं तर?" तिला काही माहीत नव्हतं, सहज बोलली. मला रात्रभर झोप नाही.

मग त्या वर्षीच्या माझ्या हातच्या सगळ्याच नोंदी तपासल्या. करडा धोबी, ११ सप्टेंबर, ही खरी. सांडव्यावर बसला होता, पिवळं बूड वरखाली नाचवत. शंकर पक्ष्याची नोंदही खरी, बोरूत गळ्याचा निळा रंग स्पष्ट पाहिला होता. तलवार बदकांची तारीख खरी आहे, पण ती 'पहिली' म्हणवत नाही, कारण त्याआधी तीन आठवडे मी तिकडे फिरकलोच नव्हतो. आणि इथेच दुसरी गोष्ट लक्षात आली. आपल्या 'पहिल्या' तारखा बहुतेक रविवारच्याच आहेत! पक्षी बुधवारी उतरला असेल, आपण गेलो रविवारी. तो उशिरा आला की आपण उशिरा गेलो, हे वही सांगतच नाही. ज्या दिवशी गेलो आणि दिसला नाही, तो दिवस आपण कधी लिहिलाच नाही. ई-बर्डवर प्रत्येक यादीसाठी किती वेळ फिरलात आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, हे विचारतात ते यासाठीच. सगळे लिहिले म्हटलं की जो यादीत नाही, त्याचं नसणंही मोजता येतं. आपण हे पहिल्या वर्षापासून करायला हवं होतं.

तर माझं म्हणणं असं. ती ओळ खोडायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं, 'पाहिला नाही', आणि खाली माझी सही. ई-बर्डवर ती जाणार नाही. पण वही दोघांची आहे, म्हणून तुझ्या होकाराशिवाय पेन लावत नाही. रागवायचं तर रागव, पण लिहून रागव, फोनवर नको. आणि शाळेतल्या मुलांना काय सांगायचं ते तू ठरव. मी येऊन सांगायला तयार आहे.

तुझं कसं चाललंय? नव्या घराची गच्ची उत्तरेकडे आहे म्हणालास, वा! वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे दादांकडून कळलं. गळ्यात क्रमांकाची पट्टी असलेला तो पट्टकादंब हंस तुला दिसला होता, त्याचा क्रमांक पुढे कळवलास का? मंगोलियात पट्टे घातलेले पक्षी आपल्याकडे दिसलेले आहेत, तुझाही त्यातलाच निघाला तर मला आधी सांग. तो क्रमांक फोटोत आहे, त्यावर आपलं भांडण व्हायचं नाही. भोवत्या मात्र माँटेग्यूचाच होता.

यंदा मी १ ऑक्टोबरपासून रोज जातोय, गुडघ्यासकट. बारा दिवस पडक्या भिंतीवर कुणी नव्हतं, बारा दिवस 'नाही' लिहिलं. १३ तारखेला सकाळी सात दहाला मादी आली. मातकट रंग, तिसऱ्या दगडावर बसली, डोकं झुकवलं आणि शेपटी अशी थरथरली की तिचा तांबूस रंग कडेला पुसट झाला. टुपकन खाली उतरली, एक किडा टिपला, परत त्याच दगडावर. वीस पावलांवरून अकरा मिनिटं पाहिली. तिबेट-हिमालयाकडची ती एवढीशी मूठ, आणि मी तेव्हा तिची वाट बघायलाही गेलो नव्हतो.

२००९ चं पान तेवढं मागे ठेवलंय. त्या मुलीला सांगितलंय, तुझ्या दुसऱ्या काकांचं पत्र यायचंय.

तुझाच