जिल्ह्याची प्रादेशिक योजना गटागटाने बदलू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदा आणि मालमत्तेच्या नोटिसांच्या शेजारी, बारीक टाइपात एका प्रकारची सूचना अधूनमधून छापून येते. मौजे अमुक, तालुका तमुक येथील गट क्रमांक इतका, क्षेत्र इतके हेक्टर आर, हे मंजूर प्रादेशिक योजनेतील शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे, तरी कोणाच्या हरकती अथवा सूचना असल्यास त्या मुदतीत सादर कराव्यात, असा तिचा ठरलेला साचा असतो. बहुतेक वाचक हे पान उलटतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण गट क्रमांकावरून जागा ओळखणे तलाठ्याला जमते, बाहेरच्या माणसाला नाही. तरीही ग्रामीण जिल्ह्याची पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची घडण बऱ्याच अंशी या चौकटींतून ठरत असल्यामुळे त्यांच्याकडे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा ११ जानेवारी १९६७ पासून लागू आहे आणि त्याची मांडणी आजही जुनी वाटत नाही. शहरासाठी विकास आराखडा आणि भोवतीच्या विस्तीर्ण ग्रामीण प्रदेशासाठी प्रादेशिक योजना, असे दोन थर त्यात आहेत. प्रादेशिक योजनेत काय असावे हे कलम १४ मध्ये दिले आहे: निरनिराळ्या वापरांसाठी जमिनीची वाटणी, दळणवळण, पाणीपुरवठा व सांडपाणी, सिंचन, पूरनियंत्रण, वने आणि निसर्गसौंदर्याचे जतन, जमिनीची धूप थांबवणे, नव्या शहरांसाठी जागा. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी किमान चार महिन्यांचा अवधी मिळतो. शहराच्या आराखड्यासाठी तो तीस दिवसांचा आहे. खेड्यात कागद उशिरा पोचतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावे.

अडचण योजना मंजूर झाल्यानंतर सुरू होते. कलम २० प्रमाणे शासनाला मंजूर योजनेत फेरबदल करता येतो. ही सोय आवश्यकच आहे, कारण वीस वर्षांत कोठे धरण होते, कोठे महामार्ग येतो, आणि नकाशा त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. परंतु ही तरतूद एकेका जमीनमालकाच्या अर्जावर वापरली जाऊ लागली की तिचा अर्थ बदलतो. दोन हेक्टरांचा प्रस्ताव येतो. जमिनीला रस्ता आहे का, शेजारी वस्ती आहे का, पाटबंधारे खात्याची हरकत आहे का, एवढे तपासले जाते आणि या कसोट्यांवर तो प्रस्ताव बहुधा निर्दोषच ठरतो. त्याच रस्त्यावर पुढच्या वर्षी आणखी एक प्रस्ताव येतो, त्यानंतर आणखी काही, आणि तेही एकेकटे पाहिले तर निर्दोष असतात. या सगळ्यांची मिळून बेरीज किती झाली, तेवढ्या लोकांना पाणी कोठून येणार, त्यांची मुले कोणत्या शाळेत जाणार आणि त्यांचे सांडपाणी कोणाच्या विहिरीत उतरणार, हे विचारणारा कागद मात्र एकाही फायलीत नसतो. याशिवाय गावठाणापासून ठरावीक अंतरात अधिमूल्य भरून रहिवासी वापराची सवलत आहे, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी पूर्वीसारखी स्वतंत्र बिनशेती परवानगी घ्यावी लागत नाही. या सवलतींमागे घरबांधणी सोपी करण्याचा रास्त हेतू आहे. फक्त त्यांचीही नोंद त्याच बेरजेत व्हायला हवी.

पाण्याचा मुद्दा सर्वांत आधी घ्यायला हवा. राज्याच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे आणि त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात व फटींमध्ये, म्हणजे बेताचेच. जलजीवन मिशनच्या योजना दरडोई दररोज ५५ लिटर धरून आखल्या गेल्या आणि गावाची भावी लोकसंख्या जुन्या जनगणनेवरून काढली गेली. ती जनगणना २०११ ची आहे. अशा योजनेवर चालणाऱ्या गावाच्या शिवारात शंभर-दीडशे प्लॉटांचा ले-आउट पडला की नवे रहिवासी पहिल्याच उन्हाळ्यात बोअर घेतात, जुन्या विहिरींचा तळ दिसू लागतो, आणि टँकरची मागणी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तहसील कार्यालयात जाते. जमिनीचा विभाग बदलताना जिला कोणी विचारले नव्हते, तिलाच मागाहून पाणी, दिवे आणि कचऱ्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि त्या वस्तीतून येणारी घरपट्टी या खर्चाच्या जवळपासही पोचत नाही.

दुसरी गोष्ट ओढ्यांची. मोजणीच्या कामाशी माझा अनेक वर्षे संबंध आल्यामुळे ती थोडी तपशिलाने सांगतो. जुन्या गाव नकाशावर ओढे, पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि गायरान हे सगळे दाखवलेले असते. प्रादेशिक योजनेचा नकाशा संपूर्ण जिल्ह्याचा असल्यामुळे तो फार लहान प्रमाणावर काढावा लागतो. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर असे प्रमाण धरले तर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पन्नास मीटर रुंद होते. या रेघेखाली पाणंद दिसेनाशी होते, चार मीटरचा ओढा तर अस्तित्वातच राहत नाही. मग जमीन रहिवास विभागात गेल्यावर जेसीबी येतो, उतार सपाट होतो, मुरमाचे रस्ते पडतात आणि ओढ्याच्या जागी एक सिमेंटचा पाइप टाकून वर माती लोटली जाते. दोन पावसाळे काही होत नाही. तिसऱ्या वर्षी एखाद्या रात्री जोराचा पाऊस झाला की ते पाणी पाइपात मावत नाही आणि खालच्या शेतकऱ्याचा बांध फोडून त्याच्या उभ्या पिकातून वाट काढते. तो शेतकरी तक्रार करायला जातो तेव्हा त्याच्या हाती दिला जाणारा मंजूर नकाशा बिनचूक असतो, कारण त्यावर ओढा कधी नव्हताच.

शेतकऱ्याची बाजूही येथे मांडली पाहिजे, नाहीतर हे पत्र शेतजमीन वाचवा अशी सोयीची हाक ठरेल. शेजारच्या गटाला रहिवास विभाग मिळून त्याचा भाव कित्येक पटींनी वाढतो आणि आपला गट मात्र नकाशावरील शेती विभागाच्या हिरव्या रंगात अडकून पडतो, हे ज्याला रोज बांधावरून दिसते, त्याला नियोजनाच्या नावाने राग येणे स्वाभाविक आहे. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा कर्ज फेडण्यासाठी दोन गुंठे विकावे म्हटले, तर शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, म्हणून व्यवहार साध्या करारावर होतात आणि गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्यांच्या विक्रीतून उभी राहणारी विनापरवाना वस्ती, वाढत जाते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट उघडली आणि पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. आधीच घर बांधून बसलेल्यांना दिलासा मिळाला हे खरे. पण पुढचा खरेदीदार त्यातून इतकेच शिकतो की थोडे थांबले की सगळे नियमित होते.

यावर उपाय कायद्यातच आहे. नगररचना योजना ही पद्धत आपल्याकडे मुंबई नगररचना कायद्याच्या काळापासून, म्हणजे १९१५ पासून आहे. तिच्यात एका पट्ट्यातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्र मांडल्या जातात, रस्ते, मैदाने, शाळा आणि पाण्याच्या वाटा आधी काढल्या जातात, आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात अंतिम भूखंड म्हणून परत मिळते. वाढलेल्या किमतीचा लाभ एका नशीबवान गटाऐवजी सगळ्या पट्ट्यात वाटला जातो. ज्या गावांच्या कडेला वाढ होणारच आहे, तेथे एकेका अर्जाच्या जागी ही पद्धत का वापरू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही. ती वेळखाऊ आहे हे मान्य, परंतु बुजवलेला ओढा पुन्हा उकरून काढण्यात त्याहून अधिक वेळ जातो.

योजनेत लोकांचा सहभाग कसा असावा, यासाठी शेजारच्या गोव्याकडे पाहता येईल. तेथील प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला, त्यात शेती व डोंगरउतारावरील मोठे क्षेत्र वसाहतीसाठी खुले झाल्याचे लक्षात येताच गावोगाव विरोध उभा राहिला, आणि २००७ च्या आरंभी शासनाला तो मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवून मते मागवण्यात आली. त्या प्रक्रियेचे पुढे काय झाले हा वेगळा विषय आहे, पण आपल्या गावाचा नकाशा हाती आल्यावर सामान्य माणूस त्यावर नेमकेपणाने बोलू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसले. आपल्याकडे जिल्ह्याच्या नकाशाची प्रत मुख्यालयाच्या एका खोलीत पाहायला ठेवली की सहभाग झाला असे समजले जाते.

जिल्हा पातळीवर हे काम कोणाचे, याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-झेडडी नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असते. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे, आणि तसे करताना जागेचे नियोजन, पाणी व इतर नैसर्गिक संपत्तीची वाटणी आणि पर्यावरणाचे जतन यांचा विचार करणे, हे तिचे काम म्हणून तेथे लिहिलेले आहे. आपल्या राज्याने त्यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र अधिनियमही केला. प्रत्यक्षात समितीच्या बैठकीच्या बातम्या येतात त्या निधी किती मिळाला, किती खर्च झाला आणि कोणत्या तालुक्यावर अन्याय झाला, याच्या. जमिनीच्या वापराचा नकाशा त्या टेबलावर अंथरला गेल्याची बातमी निदान माझ्या वाचनात आलेली नाही.

ही जागा रिकामी राहिल्यामुळेच ती इतरांनी भरली आहे. अधिनियमाच्या कलम ४० खाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमता येते, आणि अलीकडे मोठमोठ्या ग्रामीण पट्ट्यांसाठी तेच होत आहे. सातारा जिल्ह्यात नवीन महाबळेश्वर प्रकल्पासाठी २३५ गावांचे नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे दिले गेले. कोकण किनाऱ्यावरील १,६३५ गावांसाठी २०२४ मध्ये सिडकोची नेमणूक झाली. या संस्थांकडे तांत्रिक मनुष्यबळ आहे आणि ते जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयांत तोकडे आहे, हे नाकारता येत नाही. परंतु एक संस्था महामार्ग बांधण्यासाठी आणि दुसरी शहरे वसवण्यासाठी जन्माला आलेली असताना भातखाचरे, कातळसडे आणि देवराया यांच्या भवितव्याचा निर्णय त्यांनी घ्यावा, आणि तेथील जिल्हा परिषद व ग्रामसभा यांनी केवळ हरकती नोंदवाव्यात, ही व्यवस्था उलटी वाटते. मनुष्यबळ नसेल तर ते जिल्ह्यांना द्यावे.

माझी मागणी मर्यादित आहे. मंजूर प्रादेशिक योजनेत एकेकट्या गटासाठी होणारे विभागबदल शासनाने थांबवावेत, आणि असे सर्व प्रस्ताव दर पाच वर्षांनी एकत्र विचारात घ्यावेत. त्या वेळी प्रत्येक गावासमोर दोन तक्ते असावेत: आतापर्यंत किती जमीन शेतीतून गेली आणि तिच्यावर प्रत्यक्षात किती घरे झाली, हा पहिला, गावात उपलब्ध असलेले पाणी आणि त्याची सध्याची मागणी, हा दुसरा. पहिला तक्ता अनेकांना चकित करील, कारण बिनशेती झालेल्या कित्येक प्लॉटांवर वर्षानुवर्षे केवळ गवत आणि मालकाच्या नावाची पाटी असते, आणि तरीही शेजारी नवी जमीन मागितली जाते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९७३ च्या कायद्याने प्रत्येक शहराला वाढीची सीमा आखायला लावली, तिच्या आत साधारण वीस वर्षांच्या गरजेइतकी जमीन ठेवली आणि बाहेरची शेती व वने सांभाळण्याची जबाबदारी कौंटींवर, म्हणजे तेथील जिल्ह्यांवर, टाकली. तेथेही त्यावर वाद झाले, मतदानाने कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले, पण सीमा हलवायची तर आत जमीन खरोखर कमी पडते हे आधी दाखवावे लागते. आपल्याला पुरावा देण्याची ही सक्ती तेवढी घेण्यासारखी आहे.

नवी जनगणना २०२७ मध्ये होत आहे. तिचे आकडे येताच बऱ्याच जिल्ह्यांच्या योजना नव्याने हाती घ्याव्या लागतील आणि तेव्हा पुन्हा घाई होईल. तोवर ज्या कामाला आकड्यांची वाट पाहावी लागत नाही ते सुरू करता येईल. भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या गाव नकाशांवरून प्रत्येक ओढा, पाणंद आणि गायरान उचलून ते प्रादेशिक योजनेच्या अंकीय नकाशावर त्या त्या गटासह चढवावेत आणि तो नकाशा ग्रामसभेत वाचून कायम करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी, नगररचना आणि भूमी अभिलेख या तीन कार्यालयांनी ठरवले तर एका तालुक्यापासून येत्या पावसाळ्यापूर्वी आरंभ होऊ शकतो.

आपला,
एक नियमित वाचक