सूचना: व्हेटकडच्या (प्राण्यांच्या डॉक्टरांकडच्या) नोंदी कशा मागाव्यात (ब्रिटनमधल्या सदस्यांसाठी)

मंडळी, विमा कंपनी ‘पूर्ण हिस्ट्री पाठवा’ म्हणाली की ऐन वेळी ग्रुपवर धावपळ होते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

यूके जीडीपीआर या ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्यातला आपली माहिती मागण्याचा हक्क माणसाच्या माहितीपुरता आहे: तुमचं नाव, पत्ता, बिलं, तुमच्याबद्दलचे शेरे. ती माहिती मागितल्यावर साधारण महिन्याभरात, बहुधा फुकट मिळायला हवी. मोतीचं वजन, लशी, रक्ताचे रिपोर्ट त्यात आपोआप येत नाहीत. कुत्र्याला कायदा ‘व्यक्ती’ मानत नाही, आपण कितीही मानलं तरी!

पण त्यावाचून अडत नाही. व्हेट मंडळींची नियामक संस्था आरसीव्हीएस हिच्या मार्गदर्शनानुसार ग्राहकाने मागितल्यास संबंधित नोंदींच्या प्रती द्याव्याच लागतात. आधीच्या क्लिनिककडून आलेले कागदही त्यात धरा, पण तेव्हाही ग्राहक तुम्हीच असाल तर. दत्तक घेतलेल्यांनी ध्यानात ठेवा: जुन्या मालकाच्या काळातल्या नोंदी या वाटेने मिळत नाहीत.

रिसेप्शनवर तोंडी सांगू नका, ईमेल करा. प्राण्याचं नाव, मायक्रोचिप क्रमांक, कधीपासूनच्या नोंदी हव्यात ते लिहा आणि ‘क्लिनिकल नोट्स’ (तपासणी-उपचारांच्या नोंदी) असं स्पष्ट मागा, नाहीतर नुसत्या पावत्या हातात पडतात.