मोकळ्या गुरांकडे बघणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाणथळीत आणि माळरानावर माजलेलं गवत आटोक्यात ठेवायला गुरं मोकळी सोडावीत, असं आता पक्षिमित्रही बोलू लागलेत. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलं की हा विषय निघतोच. माझी त्याला हरकत नाही. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली चराई बंद केली, म्हशी बाहेर गेल्या आणि गवताने उघडं पाणीच गिळलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातूनच ते पुढे आलं. पण सोडलेल्या जनावराची रोजची विचारपूस कोण करणार, यावर कुणी बोलत नाही.

मी घोटी-इगतपुरी भागात पशुधन पर्यवेक्षक होतो. आमचं डांगी जनावर काटक. कातडीला तेलकटपणा असल्याने धो धो पाऊस अंगावर घेतं. म्हणून लोक समजतात, त्याला काही होत नाही. होतं! उन्हाळा सरता सरता गवत संपलं की भुकेलं जनावर घाणेरीच्या विषारी झुडपाला तोंड लावतं. मग डोळे पिवळे पडतात, ते सावली सोडत नाही, आणि पुढे अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांची कातडी भाजल्यागत सुटून येते. काळी कातडी मात्र शाबूत. बांधावरून पाहणाऱ्याला कळप पुरा दिसतो, तो समाधानाने घरी जातो.

पाणथळीत दुखणं वेगळं. तिथल्या गोगलगायींमुळे पर्णकृमी, म्हणजे यकृतातले जंत, होतात. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबायला लागली की सगळ्यांना कळतं, पण तोवर जनावर पार खंगलेलं असतं. शेण वेळेवर तपासलं तर आधीच कळतं. चांगला गुराखी हे सगळं चालता चालता टिपतो: डावी भकाळी (बरगड्यांमागची खळगी) भरली का, रवंथ चालू आहे का, कोण कळपापासून लांब उभं आहे, कोण पाय टाकताना कचरतंय. गळ्यात यंत्र बांधलं तर जनावर कुठे आहे ते कळेल. खुरातला काटा काढायला माणूसच लागतो.

इंग्लंडात अशा राखीव कुरणांवर शिकवून तयार केलेले स्वयंसेवक गुरं बघून येतात. उलट नेदरलँड्समधल्या ओस्टफार्डर्सप्लासन या कुंपणबंद क्षेत्रात गुरं, घोडे, हरणं निसर्गाच्या हवाली केली होती. २०१७-१८च्या हिवाळ्यात तिथली ३,०००हून जास्त जनावरं गेली. बहुतेकांना उपासमारीने खंगल्यामुळे गोळी घालावी लागली, आणि लोक कुंपणावरून आत चारा फेकत होते.

आपल्याकडे असा प्रयोग करायचाच तर आधी गावातलाच पगारी गुराखी नेमा. कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी नंबरावर प्रत्येक जनावराची नोंद ठेवा. उपचारासाठी जनावर अडकवायला जागेवर एक खोडा उभारा. १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन केला की डॉक्टरांचं फिरतं पथक येईल, पण मोकळं हिंडणारं जनावर धरून कोण देणार? आणि गवत संपल्यावर गुरं कुठे हलवायची, चारा कुणाच्या पैशाने आणायचा, हे गुरं सोडायच्या आधी कागदावर असू द्या. वन विभाग आणि पशुसंवर्धन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून जबाबदार अधिकाऱ्याचं नावही त्याच कागदावर हवं.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
घोटी, जि. नाशिक