सारंगकाका, तुमच्या दशमीच्या भरतीबद्दल

आदरणीय सारंगकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार गोव्यातल्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाळूतच मानायला हवे होते. पण तिथे तुम्ही मला दोन वाक्यंसुद्धा धड बोलू देत नाही, म्हणून हे उघड पत्र. चार लोकांनी वाचलं तर बरंच होईल.

गेल्या वर्षी मी दोना पावलच्या जेट्टीवरून लांबच्या लेन्सने सकाळी पोहणाऱ्यांचे फोटो काढत होते. समोर जुवारी नदीचं मुख, पलीकडे मुरगाव बंदराच्या क्रेन, नांगर टाकून उभी जहाजं आणि अलीकडे पाण्यात माणसांची डोकी. मला ते फार सुंदर दिसत होतं. मग एका बाईने वर पाहिलं आणि घाईघाईने टॉवेल ओढून घेतला. खाऱ्या पाण्याने सांधे मोकळे होतात म्हणून ती रोज येणारी. तिची सकाळ मी बिघडवली होती. मी ते सगळे फोटो तिथेच पुसून टाकले.

तुम्ही ते पाहत होतात. रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "काठार उभी रवान काय दिसतला? पाण्यात ये गो." दुसऱ्या दिवशी तुम्हीच मला त्या पोहणाऱ्या चौघी मावशींकडे नेलंत. मी माफी मागितली, परवानगीही मागितली. तिघींनी हो म्हटलं, एकीने नको म्हटलं. ती नको म्हणणारी आजही माझ्या एकाही फोटोत नाही, आणि रोज मला चहा तीच देते.

नंतर तुम्ही तिथी शिकवलीत. मी भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर शोधत होते आणि तुम्ही बोटं मोजत होतात. "तिथीक पाऊणपट कर, भरती गावतली." पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट केली की सव्वाअकरा, ही भरतीची वेळ. म्हणजे त्याच्या सहाएक तास आधी, पहाटे, ओहोटीने पाणी पार ओसरलेलं, खडक उघडे आणि त्यांवर कालवं. (माझ्या तळव्यावरची खूण अजून आहे, आणि तिच्यावर तुम्ही बांधलेला रुमालही मी जपून ठेवला आहे.) दशमीचे मात्र साडेसात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि भरतीला मागे सारतो, हे मी शाळेत शिकले होते. पण त्यातून फोटोचा दिवस ठरवता येतो हे मला तुमच्याकडून कळलं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. दशमीला नेमकं त्याच सुमाराला पाणी भरत आलेलं असतं, आणि भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस असल्यामुळे ओढही कमी. त्यात जमिनीवरून येणारा मतलई वारा अजून पडलेला नसतो. काठाजवळचं पाणी तुपासारखं थिजल्यागत दिसतं. खारा वारा सुटला की ते सगळं मोडतं.

तुम्ही सांगितलेल्या दशमीला मी कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गळाभर पाण्यात उतरले. सुके नारळ बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली मी, समुद्रात पाय टेकेना तेव्हा घाबरले. तुम्ही माझं कोपर धरून उभे राहिलात, पाऊण तास. लेन्स पाण्याच्या वर जेमतेम दोन बोटं होती. चकाकत्या पाण्याने कॅमेरा फसतो आणि माणसं काळी येतात, म्हणून प्रकाश मुद्दाम वाढवून घेतला. तेव्हा मावशीच्या भिजलेल्या केसांमागे मुरगावच्या क्रेन उभ्या राहिल्या, तिच्याच घरातल्या असाव्यात तशा. जेट्टीवरून बंदर आणि माणसं वेगवेगळी दिसत होती. पाण्यातून ती एकाच रेषेवर आली.

तुमची सगळी नोकरी त्या पलीकडच्या पाण्यात, जहाजं ओढणाऱ्या टगवर गेली. लोहखनिजाने भरलेले बार्ज जुवारीतून बंदराकडे जायचे ते दिवस, आणि २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर रिकामे उभे राहिलेले तेच बार्ज, हे सांगताना तुम्ही पाण्याकडेच बघत होतात. तुमचा त्या वेळचा फोटो मी काढला नाही. तुम्हाला विचारलं नव्हतं.

आता विचारते आहे. मावशींचे फोटो छापून आणले आहेत, ज्याचा त्याला देणार. त्यांच्याबरोबर तुमचाही एक हवा आहे, पाण्यात, मागे बंदर असलेला. पौषातली दशमी जवळ आली. तुम्ही हो म्हणालात तर मी सातला वाळूत असेन. नको म्हणालात तरी असेन, कॅमेरा घरी ठेवून.

तुमची,
ताळगावची कॅमेरावाली