वृद्धाश्रमातल्या हालांची तक्रार लेखी करा, आणि भरपाईही मागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वृद्धाश्रमांच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात, कुणाला कॉटला बांधून ठेवलं, कुणाच्या पाठीला जखमा निघाल्या, मग दोन दिवस सगळे हळहळतात आणि विषय मागे पडतो. मी आयुष्यभर वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय. आता रिटायर झाल्यावर ओळखीपाळखीचे लोक आईवडलांच्या फाइली घेऊन येतात, ताई जरा बघा ना यात काही गडबड वाटते का म्हणून. गडबड आहे हे त्यांना बहुतेक वेळा आधीच कळलेलं असतं. तक्रार मात्र कुणी केलेली नसते, आणि भरपाईचं नाव काढलं की समोरचा माणूस एकदम अंग चोरतो. आईच्या दुखण्याचे पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील, आधी आश्रमात टाकली आणि आता तिच्या नावावर पैसे काढतायत? हे मी इतक्या तोंडून ऐकलंय की शेवटी पत्र लिहायला बसले.

घरी का ठेवलं नाही याची टोचणी प्रत्येकाला असतेच. डिमेन्शिया झालेला माणूस रात्रभर जागा राहून दार उघडून बाहेर जायला बघतो, पॅरालिसिसच्या पेशंटला उचलायला दोन माणसं लागतात, नोकरी करणाऱ्या एकट्या मुलीला किंवा सुनेला हे वर्षानुवर्षं जमत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण संस्थेच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला ही टोचणी बरोब्बर ठाऊक असते. जखमेबद्दल विचारलं की तो शांतपणे म्हणतो, एवढी काळजी होती तर घरीच ठेवायचं होतं. झालं, मुलगा गप्प. या एका वाक्यावर किती तक्रारी जागच्या जागी मेल्यात हे कुठल्या रजिस्टरमध्ये सापडायचं नाही.

बेडसोअर, म्हणजे अंथरुणात एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त फाइली त्याच्याच असतात. पडून असलेल्या माणसाच्या माकडहाडावरची किंवा टाचेची चामडी आधी लाल होते, बोटानं दाबून सोडली तरी तो लालपणा जात नाही. ही पहिली पायरी, इथे लक्ष दिलं तर बहुतेक वेळा मागे फिरवता येते. दुसऱ्या पायरीला साल जाते, तिसऱ्याला खड्डा पडून आतली चरबी दिसते आणि चौथ्याला स्नायू किंवा हाड. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याच्या कातडीला इजा व्हायला काही तास पुरतात, म्हणून तर कूस बदलायचा चार्ट असतो. आता हेही खरं की सगळेच बेडसोअर टाळता येत नाहीत, शेवटच्या दिवसांतल्या अगदी खंगलेल्या पेशंटला चांगली काळजी घेऊनही होतात. पण मग त्या काळजीच्या खुणा फाइलीत दिसतात, एअर मॅट्रेस कधी दिली, ड्रेसिंग कधी बदललं, वजन कधी घेतलं, डॉक्टरला कधी दाखवलं. खड्डा पडलेला असताना फाइलीत यातलं काहीच नसेल, तर "वयामुळे होतं हो" हे उत्तर चालणार नाही.

एका बाईंची फाइल माझ्याकडे आली होती. चार्ट बघायला एकदम छान, दर दोन तासांनी कूस बदलली आणि पुढे सही. पूर्ण आठवडा एकच पेन, एकच अक्षर, रात्रीचे दोन, चार, सहा, कुठे खाडाखोड नाही की शाई फुटलेली नाही. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा, खरा चार्ट असा कधीच नसतो, ड्यूटी बदलली की अक्षर बदलतं, कुणाचं पेन संपतं, कुणी घाईत रकाना चुकतो. आणि एका दुपारी तर बाई स्कॅनसाठी दुसऱ्या हॉस्पिटलात होत्या, त्याची पावती मुलीकडे होती, तरी त्याच वेळेला इथे चार्टवर त्यांची कूस बदललेली! मुलीला मी म्हटलं, बाळा हा कागद आणि ही पावती, दोन्ही एकत्र जपून ठेव.

सगळ्याच गोष्टी इतक्या उघड दिसत नाहीत. दोन्ही दंडांवर बोटांच्या आकाराचे वळ, मनगटावर पट्टी बांधल्यासारखी रेघ, कपडे अचानक ढगळ होणं, जीभ कोरडी, एखादी विशिष्ट अटेंडंट खोलीत आली की बोलणं बंद होणं. बोटातली अंगठी गेलेली असणं किंवा अंगठ्याला शाई लागलेली दिसणं हेही त्यातच आलं. आणि एक गोष्ट लोक चक्क चांगली समजतात, ती म्हणजे "आता आजी खूप शांत झाल्यात". कशामुळे शांत झाल्या ते विचारा. औषधांची यादी मागा. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटांना मानसिक आजारावरची अँटीसायकोटिक औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, नव्या औषधांवर २००५ मध्ये आणि जुन्यांवर २००८ मध्ये छापायला लावलाय. डॉक्टरांनी विचार करून, घरच्यांना सांगून दिलं तर गोष्ट वेगळी, पण रात्री त्रास नको म्हणून गोळी देऊन झोपवून ठेवणं हे दोरीनं बांधण्यासारखंच आहे. अमेरिकेत १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्यानं तर शिक्षा म्हणून किंवा स्टाफच्या सोयीसाठी पेशंटला बांधायला आणि गुंगीत ठेवायला, दोन्हीला मनाई केली.

हे सगळं दोन-चार वाईट ठिकाणांपुरतं आहे असं वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा. संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तीनातल्या दोन कर्मचाऱ्यांनी आपल्या हातून मागच्या वर्षभरात म्हाताऱ्यांशी गैरवागणूक झाल्याचं स्वतःच सांगितलंय. तक्रारीचं म्हणाल तर याच संघटनेनं म्हटलं होतं की म्हाताऱ्यांच्या छळाच्या चोवीस घटनांपैकी एखादीच नोंदवली जाते.

पण म्हणून सगळा राग त्या मावशीवर किंवा ब्रदरवर काढू नका हं. रात्रीच्या पाळीला अख्ख्या मजल्याला एकच माणूस, त्यातले अर्धे पेशंट डायपरवाले, त्यांना दर दोन तासांनी एकट्यानं वळवणं शक्यच नसतं, हे ड्यूटी लावणाऱ्याला माहीत असतं. मारहाण करणाऱ्यावर गुन्हा व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण तक्रार झाली की संस्था काय करते, त्या एका बाईला काढून टाकते, घरच्यांना सांगते बघा आम्ही अॅक्शन घेतली, आणि पुढच्या महिन्यात तिच्या जागी तितकीच कमी पगाराची, काहीच ट्रेनिंग नसलेली दुसरी मुलगी येते. म्हणून भरपाई महत्त्वाची. ती संस्थेकडून वसूल होते. रात्री आणखी एक माणूस ठेवण्यापेक्षा हयगय करणं जोपर्यंत स्वस्त पडतं तोपर्यंत तो माणूस ठेवला जाणार नाही, हा सरळ हिशोब आहे. आणि जखम झालेल्या माणसाला ते पैसे खरंच लागतात हो! चौथ्या पायरीचा बेडसोअर भरून यायला महिनोन्‌महिने जातात, अनेकदा ऑपरेशन करून चामडी लावावी लागते, दुसरी चांगली जागा शोधावी लागते, हा खर्च घरच्यांनी का सोसायचा? उपचाराचा खर्च, भरलेल्या फीचा परतावा, पेशंटनं सोसलेल्या वेदना, हे सगळं दाव्यात मागता येतं आणि पेशंट गेला तरी वारसांचा हक्क साधारणपणे राहतो.

आता करायचं काय. आधी माणूस सुरक्षित, बाकी सगळं नंतर. त्याला तिथून हलवा किंवा निदान बाहेरच्या डॉक्टरला दाखवा, आणि डॉक्टरांना जखमेची लांबी, रुंदी, खोली केसपेपरवर लिहायला सांगा, नुसतं "बेडसोअर" लिहून भागत नाही. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. फोटो ज्या फोनमध्ये काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड झालेल्या कॉपीपेक्षा मूळ फाइलीला कोर्टात वजन असतं. तोंडी भांडण काढून काही हाती लागत नाही, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या, तारीख घाला, पोच घ्या, पोच देत नसतील तर ईमेल करा. त्याच पत्रात पूर्ण फाइलीची कॉपी मागा आणि अमुक तारखेचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असंही लिहा, कारण ते थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि मग "कॅमेरा बंद होता" हे ऐकावं लागतं. मारहाण, लैंगिक त्रास किंवा पैशांची लूट असेल तर थेट पोलिसांत जा, मॅनेजरच्या परवानगीची वाट कशाला बघायची. आणि शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या मुलाशी बोला, त्यांनाही तेच दिसलेलं असतं, एकट्याला दाबतात, चार घरं एकत्र आली की तेच ऑफिस नीट बोलायला लागतं.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत पण मुदत सगळीकडे असते आणि लोक तिथेच अडकतात, दुःखात वर्ष निघून जातं. भारतात पैसे भरून घेतलेल्या सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याला दोन वर्षांची मुदत आहे, उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयोग सवलत देऊ शकतो, आणि वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत पेशंटची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायला सांगितलंय. नुसतं कुणाशी तरी बोलून मार्ग विचारायचा असेल तर ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७. अमेरिकेत प्रत्येक राज्यात अशा संस्थांमधल्या तक्रारी बघणारे ओम्बुड्समन असतात, तिथे आईवडील असतील त्यांनी तिकडे जावं.

एका घराच्या तक्रारीनं काय होतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ओकडेन इथल्या सरकारी केंद्रात २०१६ साली एका म्हाताऱ्या पेशंटला ठरलेल्या डोसच्या दहापट औषध दिलं गेलं, अंगावर काळेनिळे डागही होते. त्याच्या घरचे गप्प बसले नाहीत, विचारत राहिले, वर वर जात राहिले. २०१७ मध्ये चौकशीचा अहवाल आला, ते केंद्र बंद झालं, आणि २०१८ मध्ये देशभरातल्या वृद्धसेवेच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. २०२१ च्या त्याच्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी होत्या. सुरुवात कुठून झाली तर अशाच घरांच्या तक्रारींतून.

शेवटची एक गोष्ट, आणि ती थेट आपल्यासाठी आहे संपादकसाहेब. प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं की संस्था तडजोडीचा कागद पुढे करते, थोडीफार रक्कम घ्या आणि याबद्दल बाहेर कुठे बोलायचं नाही यावर सही करा. दमलेलं घर सही करून टाकतं आणि त्याच जखमेबद्दल पुढच्या पेशंटच्या घरच्यांना कधीच काही कळत नाही. असा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय कुणी सही करू नये, आणि गप्प बसायची अट काढून टाका असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. ज्या केसेस मात्र लढल्या जातात, निकाल लागतो, भरपाई मिळते, त्यांच्या बातम्या संस्थेच्या नावासकट छापाव्यात ही माझी विनंती. आईसाठी जागा शोधणाऱ्या मुलीच्या हातात आज गुळगुळीत ब्रोशर आणि ओळखीच्या कुणाचं तरी "चांगलं आहे म्हणतात" एवढंच असतं. तिला तो निकाल आधी वाचायला मिळाला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त स्टाफ नर्स