डबेवाल्यांची केस करताना

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मुंबईच्या डबेवाल्यांची केस, म्हणजे त्यांच्या कामाचा अभ्यास, घेतलीस, फार छान केलंस. ग्रुपवर हार्वर्डच्या केसची पीडीएफ आणि तयार उत्तरं फिरताहेत म्हणालीस. त्या उत्तरांची फाईल उघडूसुद्धा नकोस. एकदा वाचलं की स्वतःचं काही सुचत नाही. प्रा. स्टीफन थॉमके यांची ती केस २०१० ची, आणि ती विकत घ्यावी लागते. कॉलेजने घेतली आहे का, हे लायब्ररीत विचार. नसेल तर एमआयटी स्लोन या अमेरिकेतल्या मॅनेजमेंट कॉलेजच्या काही केसेस फुकट मिळतात. शेअर बाजारातली कंपनी घेतलीस तर तिचे वार्षिक अहवाल सर्वांना खुले असतात. कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते त्या आयपीओच्या माहितीपत्रकातलं जोखमीचं प्रकरण तर वाचच. आपलं काय बिघडू शकतं, हे तिथे कंपनीला स्वतःच लिहावं लागतं.

आता मला खरं सांगायचंय ते सिक्स सिग्माबद्दल, म्हणजे कामात जवळजवळ चूकच होत नाही अशा दर्जाच्या मापाबद्दल. ‘फोर्ब्सने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं’ हे वाक्य तुला जागोजागी भेटेल. अगं, फोर्ब्स हे मासिक आहे, ते असली प्रमाणपत्रं देत नाही. १९९८ साली त्यांनी डबेवाल्यांवर लेख छापला, त्यात त्यांच्या अचूकतेचं कौतुक होतं. पुढे एकाचं बघून दुसऱ्याने लिहिलं आणि कौतुकाचं प्रमाणपत्र झालं. मावळ, खेड, जुन्नरकडची ही माणसं १८९० पासून डब्यावरच्या रंगांच्या आणि अक्षरांच्या खुणा वाचून, लोकलच्या गर्दीतून घरचं जेवण पोचवताहेत. त्यांना खोटा मान चिकटवला की मला राग येतो. आकडा लिहिशील तो मुळापर्यंत जाऊन तपास, नाहीतर गाळ. हार्वर्डच्या केसेसवर तर छापलेलंच असतं की त्या वर्गातल्या चर्चेसाठी आहेत, मूळ माहितीचा आधार म्हणून नाहीत. जे घेशील ते कुठून घेतलं, ते तिथल्या तिथे लिही. वाक्य आपल्या शब्दांत फिरवलं तरी विचार ज्याचा त्याचाच राहतो.

डबेवाल्यांना भेटायला जाशील तेव्हा सकाळी डबे लावायच्या घाईत अडवू नकोस, दुपारी जेवायला बसतात तेव्हा बोल. कशासाठी विचारतेस ते आधी सांग, नाव छापलं तर चालेल का तेही विचार. आणि प्रोजेक्ट झालं की दोन पानं मराठीत लिहून त्यांना नेऊन दे.

तुझी,
आई