टोपण लावलेलं पेन

ती. काकू,
सा. न.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. "एवढं काय त्यात" म्हणाल आणि आमटीचा विषय काढाल. म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. मंडळातल्या ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

तेव्हा माझी काय अवस्था होती ते तुम्ही पाहिलंत. हे व्हिसाच्या कामात मुंबईत अडकलेले, इकडे जुन्या गाडीचं ट्रान्समिशन गेलेलं, लेकीचं डे-केअर सात मैलांवर. न्यू जर्सीतल्या या एडिसनमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे पाय बांधलेली कोंबडी. दुसरी गाडी कुठे घ्यावी, असं ग्रुपवर विचारलं तर अर्ध्या तासात सल्ल्यांचा पाऊस. "शेजारच्या डेलावेअर राज्यात जा, तिथे सेल्स टॅक्सच नाही, हजार डॉलर सरळ वाचतील." त्यावर वीस अंगठे. एक भाऊसाहेब तर "मी सगळं बघतो" म्हणत सोबतही आले. तिथल्या डीलरकडे दोन तास फुकटची कॉफी पीत बसले आणि शेवटी मला म्हणाले, "इथे असंच असतं गं, सही करून टाक." परतताना टोलचे पैसे मात्र आठवणीने मागितले.

सही मी केली नाही, ती शहाणपणाने नव्हे. लेकीला आणायची वेळ झाली होती. सेल्समन म्हणाला, शनिवारपर्यंत गाडी धरून ठेवतो.

आणि शुक्रवारी मंडळाच्या स्वयंपाकघरात पुऱ्या लाटताना मी सहज बोलले, तर तुम्ही लाटणं खाली ठेवलंत. "किती वाजता निघायचं?" एवढंच विचारलंत. तुम्ही बावीस वर्षं एका डीलरकडे टायटलची, म्हणजे गाडीच्या मालकीची, कागदपत्रं केलीत, हे मला गाडीत बसल्यावर कळलं!

त्या काचेच्या खोलीतला कागद मला आजही दिसतो. जाहिरातीतली गाडी १६,९०० ची. खाली डॉक्युमेंट फी ६९९. रंगावरचं कोटिंग ८९५. काचांवर नंबर कोरणे २९९. टायरमध्ये नायट्रोजन १९९. (हवेत तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन फुकटच असतो हो.) आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स. म्हणजे ज्याच्यासाठी दोन राज्यं ओलांडल्यासारखी धावत आले, तो तिथेच बसला होता. "महिन्याला फक्त इतकेच," असं म्हणत सेल्समनने माझ्या हातात पेन दिलं.

तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्या बोटांतून ते पेन काढून घेतलंत, शांतपणे टोपण लावलंत, आणि आपल्या पर्समध्ये टाकून चेन ओढलीत. "आम्ही जेवून येतो," त्याला म्हणालात.

काकू, तो चेनचा आवाज! दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूने उभं राहिलं होतं, आणि तेही बसल्या बसल्या. त्या खोलीत मी भांडले असते, तर रडले असते. तुम्ही भांडणाची वेळच येऊ दिली नाहीत.

मग पार्किंगमध्ये तुमची थालीपिठं, आणि किराण्याच्या बिलामागे तुमचा हिशेब. "गाडी रात्री जिथे झोपते, तिथला टॅक्स. विकत कुठे घेतली ते विचारत नाहीत." नोंदणी न्यू जर्सीत, म्हणून ६.६२५, मग गाडी डेलावेअरची असो की चंद्रावरची. दुसऱ्या राज्याला खरोखर टॅक्स भरला असेल तर तो वळता मिळतो, पण डेलावेअरला भरलेलाच नसतो, मग वळता काय करणार? डॉक्युमेंट फी सरकारची नसून डीलरची, न्यूयॉर्कने ती १७५ वर रोखलीय आणि आपल्या न्यू जर्सीने मोकळी सोडलीय, हेही तिथेच कळलं. आम्ही जेवायला म्हणून जे बाहेर पडलो, ते परत गेलोच नाही.

पुढची गाडी पेनसिल्व्हेनियाची. तुम्ही आधी इमेलवर एकच प्रश्न विचारायला लावलात: गेटबाहेर पडेपर्यंत एकूण किती? तीन डीलर गप्प झाले, चौथ्याने लिहून पाठवलं. गाडी आणि फी मिळून १६,०००. तुम्ही पाकिटावर पेन्सिलने लिहून दिलंत: टॅक्स १,०६०, टायटल ६०, नंबरप्लेटचं गाडीच्या वजनावर. गाडी-नोंदणीच्या ऑफिसात खिडकीतल्या बाईंनी आकडा सांगितला तेव्हा मी पाकीट बघितलं आणि हसलेच. त्यांना वाटलं असेल, पैसे भरताना हसणारी ही पहिलीच.

माहिती असणारी माणसं इथे पुष्कळ आहेत. पण माहितीवर बसून राहणारीही तेवढीच, आणि विचारलं की "इथे असंच असतं" म्हणणारी तर त्याहून जास्त. तुम्ही एक शनिवार दिलात, गुडघा दुखत असताना. टोलसुद्धा स्वतःच भरलात, मला हात लावू दिला नाहीत.

ते पेन परतीच्या वाटेवर तुम्ही मला दिलंत. "सह्यांना नको, किराणा लिहायला वापर." त्यावर त्या डीलरचं नाव आहे, अजून छान चालतं. काल त्यानेच यादी केली: भाजणी, लोणी, कोथिंबीर. रविवारी थालीपिठं मी आणते, तुम्ही फक्त या. हे परवा पोचताहेत, त्यांना तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
सात मैलांवरची